मोकळी ओळ

१

“मी जुनंच गाईन, आजी. तू कितीबी ओरड.”

“ओरडत नाही मी. सांगून राह्यली. उद्या माइकवर गायचं असंल तं लोकांवालं गा. नाही तं घरी बस.”

“कमाल आहे. जिंदगीभर तूच त्या गाण्याले शिव्या दिल्या. पंधरा ऑगस्टले भोंगा लागला की कानात कापूस घालून बसत होती. अन् आता मले म्हणते, तेच गा?”

“हौ. तेच गा.”

“काहून?”

त्या काहूनवर माझं तोंड बंद झालं. माझं तोंड कधी बंद होत नाही, हे आमच्या गावात, लामत्यात, सगळ्यांना ठाऊक आहे. सरपंचासमोर झालं नाही, सासूसमोर झालं नाही. या बावीस वर्षांच्या पोरीसमोर झालं.

पंचवीस जानेवारीची दुपार होती, तीन वाजले असतील. आमच्या सपरीत, पुढच्या ओसरीत, ऊन अर्ध्यापर्यंत आलं होतं. मयुरी, माझ्या मुलाची मुलगी, माझ्यासमोर उभी होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माझी जुनी वही. तिची पाठ आंगणाकडे होती. मी खाटेवर, तोंड आंगणाकडे. ती बोलत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते. मी आंगण बघत होते.

“माझ्याकडं पाह्य न, आजी,” ती म्हणाली. “मी काहीतरी विचारलं तुले.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते आधी सांगते.

२

मी शाळेत गेले नाही. अक्षरं मी खताच्या थैलीवर शिकले, आणि रागाने शिकले. माझा नवरा फौजेत शिपाई होता. चैतराम. नाव लिहिते, तोंडाने अजून घेत नाही. त्याची चिठ्ठी आली की पोस्टमन सपरीत बसून वाचून दाखवायचा. माझ्या नवऱ्याचा लाडाचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पोस्टमनच्या तोंडून, आणि त्या तोंडात तंबाखू होता. एक थेंब चिठ्ठीवर उडाला. मला शिसारी आली. त्या दिवशी ठरवलं, आपली चिठ्ठी आपण वाचायची. सहा महिन्यांत वाचू लागले, आठव्या महिन्यात लिहू लागले. पुढे गाणीसुद्धा लिहिली.

एकाहत्तर सालच्या रोवणीला, धानाच्या लावणीला, तो सुटीवर आला होता. गडी माणूस बायांच्या पातीत उतरून परे, धानाची रोपं, लावू लागला, बाया हसून हसून चिखलात बसल्या. तो म्हणाला, हसा, पण माझी पात पाहा, सूत लावल्यासारखी आहे. पात अर्धी झाली आणि तार आली. सुटी रद्द. बस उभीच होती. त्याने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय धुतले ते घोट्यापर्यंत. पोटऱ्यांवरचा चिखल तसाच घेऊन तो बसमध्ये चढला.

त्याच आठवड्यात गाणं झालं.

परे पिवळे पडले, पाणी चालले सरी,
अर्धी पात राह्यली राजा, ये रे आता घरी.

आमच्याकडे रोवणीचं गाणं असं चालतं. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या झेलतात. टाकली की झेलायची, वाकलेल्या पाठीला तेवढाच आधार. पण ज्या ओळीत दूर गेलेल्याला बोलावलं असतं, ती ओळ कोणी झेलत नाही. एका श्वासाची जागा सोडतात. तिला मोकळी ओळ म्हणतात. ज्याला बोलावलं त्याने झेलावी, म्हणून. माझ्या आजेसासूपासून असंच आहे. ‘ये रे आता घरी’ म्हटलं की सगळी पात गप्प व्हायची. चिखलातून पाय निघण्याचा आवाज तेवढा यायचा.

डिसेंबरात लढाई लागली. शाळेतले मोतीलाल मास्तर माझ्या सासऱ्याकडे आले. बालाघाटला मोठी सभा आहे, सुनेचं गाणं ठेवू, म्हणाले. सभेच्या मांडवामागे मला एका बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, ‘ये घरी’ म्हणशील तं लोकं रडतीन. आज लोकायले रडवायचं नाही. ओळ थोडीशी फिरव.”

मी फिरवली. जोर नव्हता केला कोणी. तिथेच उभ्या उभ्या मी जोडली,

समोर उभा वैरी राजा, तू उभा सरहद्दीवरी,
पाठ फिरवून राजा, येऊ नको घरी.

मोकळी जागा सोडायची सवय होती म्हणून शेवटी थांबले. त्या जागेत टाळ्या पडल्या. हजार माणसांच्या असतील. अंगावर काटा आला. आणि आता म्हातारपणी खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं. मी ती ओळ तीनदा म्हटली. तीनदा टाळ्या घेतल्या.

जानेवारीत कागद आला. बेपत्ता. पोस्टमन वाचायला बसला होता, मी त्याच्या हातातून ओढून घेतला. कागदावर तारीख होती. सभेचीही एक तारीख होती. त्या दोन तारखा मी कधी शेजारी ठेवल्या नाहीत. तसलं जुळवत बसलं की माणूस येडं होते.

एप्रिलमध्ये हेमराज झाला. बाप न पाहिलेला.

गाणं मात्र मोठं झालं. गोंदियाच्या एका माणसाने कॅसेट काढली. माझ्या आवाजात नाही, दुसऱ्या बाईच्या, नाकातून गाणाऱ्या. मोकळ्या जागेत त्याने इलेक्ट्रिक पेटीतल्या तयार टाळ्या भरल्या. कारगिलच्या वेळी पुन्हा निघालं, तेव्हा टाळ्यांच्या जोडीला बंदुकीचे बार घातले. आता वराती-मिरवणुकीतले धुमालवाले वाजवतात. पोरं सायकलीएवढ्या भोंग्यासमोर कमरा हलवतात. शाळेत लाकडाच्या बंदुका घेऊन लेकरं नाचतात आणि एक लेकरू आलता ओतून मेल्यासारखं पडतं. आया मोबाइल घेऊन पुढे धावतात. शेवटच्या ओळीला सगळं मैदान टाळ्या मारतं. मला दरवर्षी शाल मिळते, नारळ मिळतो. मागच्या वर्षी एका सूत्रसंचालकाने कानाला तोंड लावून सांगितलं, “आजी, थोडंसं रडा ना, रील बनवायची आहे.” त्याच्या तोंडाला समोस्याचा वास येत होता. मी नारळ त्याच्या पायावर टाकला. चुकून पडला, असं सगळ्यांनी मानलं.

चोपन्न वर्षं मी त्या गाण्याची किळस केली. दुसऱ्यांची केली, स्वतःची त्याहून जास्त.

३

यंदा मयुरीला बालाघाटच्या मैदानावर सव्वीस जानेवारीला गायला बोलावलं. पाच मिनिटं. तिथं चांगलं झालं तर पुढे भोपाळला. पोरीचा गळा खरंच आहे, माझ्यावर गेलाय. ती पेटीत काहीतरी शोधत होती आणि तिच्या हाती माझी वही लागली. त्यात जुनी ओळ होती, आणि तिच्यावर रेघ मारून खाली नवी.

“आजी, हे तं वेगळंच आहे,” ती म्हणाली. “हे किती सच्चं आहे. मी हेच गाईन.”

 मी उठून पेजेचं भांडं उगाच दुसऱ्या जागी ठेवलं. मग तिला चाल शिकवली. मोकळी ओळ समजावली. “इथं तोंड बंद ठेव. श्वाससुद्धा हळू घे. ही जागा तुही नाही, त्याची आहे.”

पोरगी मनापासून शिकते. एकोणीस तारखेला दुपारी सपरीत बसून तिने गायलं, मोबाइलमध्ये भरलं आणि मला ऐकवलं. छान होतं. मोकळी जागा आली. तिथे आवाज आला.

फच्.

“हे काय?” मी विचारलं.

“काय?”

“पुन्हा लाव.”

तिने लावलं. पुन्हा तिथेच. ओला आवाज, एकच. चिखलातून पाय ओढून काढताना येतो तसा.

“ललिताकाकी कपडे धुत असंल,” मयुरी म्हणाली.

ललिता आमची शेजारीण. तिची धुण्याची फरशी आमच्या भिंतीला लागून आहे. मलाही पटलं. पण मी अशी बाई आहे की पटलं तरी जाऊन पाहते. ललिताच्या दाराला कुलूप होतं. पलीकडच्या पोराने सांगितलं, काकी परवाच बिरस्याला गेली, बहिणीकडे. फरशी कोरडी ठणठणीत होती.

म्हशीचा असेल, म्हटलं. मोबाइलचा असेल. मशीनचं काय, त्याच्यात टाळ्याही भरता येतात.

वीस तारखेला पुन्हा गायली. मोकळ्या जागेत दोन आवाज होते.

४

वास पहिल्यांदा एकवीसला आला. मी भाजी निवडत होते. रोवणीच्या बांधीचा, धानाच्या वाफ्याचा वास ज्याने घेतला त्याला तो सांगावा लागत नाही. कुजलेलं गवत, शेण, जळवा, आणि दिवसभर पाण्यात राहून सडलेली बायांची बोटं. पायाच्या बोटांमधे चिखल्या पडतात तेव्हाचा वास. पण तो आषाढात यावा, श्रावणात यावा. जानेवारीत आमच्या बांध्यांत भेगा असतात, त्यात उंदीर राहतात. उन्हाळी धान करणारे नहरवाले, कालव्याच्या पाण्यावरचे लोक आहेत, पण नहर आमच्या अंगाला येतच नाही. तो मोठ्या रस्त्याच्या पलीकडेच वळतो.

सपरीच्या पायरीवर मुठीएवढा चिखल पडलेला होता. काळा, ओला. त्यात एक परा होता, मुळासकट. पिवळा पडलेला.

संध्याकाळच्या बसने हेमराज आला. तो बालाघाटला औषधाच्या दुकानात आहे. त्याला दाखवलं.

“गाडीच्या टायरले लागून आला असंल, माय.”

“गाडी तुही आठ दिवसापासून मेकॅनिककडं आहे. तू बसनं आला.”

“मंग बसच्या टायरले.”

“बस सपरीत येते का आपल्या?”

तो हसला. “तू थैली वाचून शिकली माय. आता चिखल वाचून राह्यली का?”

बापावर गेलाय. काही आलं अंगावर की हसून बाजूला होतो. त्याने पायाने तो चिखल ढकलला आणि तोंड वाकडं केलं. बूट दारात काढून ठेवला, धुतला, पुन्हा धुतला. रात्री जेवताना हात नाकाशी नेऊन पाहत होता. मी पाहिलं. 

५

तेवीसला मी आंगण सारवलं. मुद्दाम. हात दुखतो तरी सारवलं, पातळ शेणाने, फाटकापासून सपरीपर्यंत. मग मयुरीला म्हटलं, गा. चारचा सुमार असेल. ती आत आरशासमोर गात होती, मी सपरीत खाटेवर बसून आंगण बघत होते.

प्रत्येक मोकळ्या ओळीला एक पाऊल उमटलं.

पाय दिसला नाही. ओल्या सारवणावर फक्त दाब पडला आणि त्यात काळा चिखल भरला. पहिलं फाटकाशी. दुसरं त्याच्या अलीकडे. ती पाच वेळा गायली, पाच पावलं झाली. आणि सगळ्या पावलांच्या टाचा घराकडे होत्या.

उलट्या पायांची भुतं लेकरांना निजवायला ठीक आहेत. मी मानत नाही. मी उठले, काठी घेतली, वाकून पाहिलं. कोणी घरातून निघून फाटकाकडे गेलं असेल, असं आधी वाटलं. पण चिखल फाटकापाशी जास्त होता आणि घराकडे कमी कमी होत गेला होता. बांधीतून आलेल्या माणसाचा पाय असाच झडत येतो. म्हणजे येणारा घराकडेच येत होता. पाय सरळ होते. माणूस उलटा चालत होता.

डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. हेमराजचंही तसंच आहे. मयुरीचंही.

मग मला समजलं. मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या त्याला. ये म्हटलं होतं, आणि पाठ फिरवून येऊ नको म्हटलं होतं. माझं म्हणणं तो कधी मोडत नव्हता. तो दोन्ही ऐकत होता.

भीती नाही वाटली तेव्हा. उलट इतकं बरं वाटलं की लाज वाटली. त्र्याहत्तर वर्षांची बाई, केसांना हात लावून पाहिला. आत जाऊन तांब्याचा गडवा भरून आणला आणि पायरीवर ठेवला. बाहेरून कोणी आलं की पाय धुवायला पाणी ठेवावं लागतं. अर्धेच धुऊन गेला होता तो.

ती माझी चूक होती. गाणं शिकवलं ही चूक नव्हती. पाणी ठेवलं ही चूक. पाणी ठेवलं म्हणजे आपण घरात घेतलं.

६

चोवीसला सकाळी गडवा रिकामा होता. पायरी कोरडी होती. गडव्याच्या काठावर, जिथे तोंड लागतं तिथे, चिखल होता. एका तोंडाचा नव्हता. काठ पूर्ण गोल माखलेला होता, जसा लग्नात पाण्याच्या पिंपावरचा पेला होतो, सगळ्यांनी पिऊन.

मी तो गडवा काठीने ढकलत उकिरड्यावर नेला. हात लावला नाही.

मग आंगणाकडे पाहिलं. त्याची पावलं होती, आता नऊ. रात्रीतून कोणी गायलं नव्हतं, तरी नऊ. आणि प्रत्येक पावलासमोर दुसरं पाऊल होतं, त्याच्या बोटांना बोटं भिडवून. याची बोटं घराकडे होती. फाटकापाशी तर पावलांवर पावलं होती, सारवण दिसत नव्हतं. सभेनंतर मैदान असतं तसं. लहान होती, मोठी होती, चपलांची होती, बुटांची होती. सगळ्यांची तोंडं घराकडे. तो एक पाऊल मागे आला की ते एक पाऊल पुढे आले होते.

तो त्यांच्याकडे तोंड करून येत होता.

मयुरी उठायच्या आत मी तिचा मोबाइल घेतला. लावता येतो मला, कोणी शिकवलं नाही. पाच दिवसांची गाणी कानाला लावून ऐकली. मोकळ्या जागा ऐकल्या. चिखलातून पाय निघतो तो आवाज खालून वर येतो, शेवटी सुटतो. मी हजारदा ऐकलाय. पहिल्या दिवशीचा तसा होता. दुसऱ्या दिवशीचे दोन होते, त्यातला एकच तसा. दुसरा वेगळा होता. तो सुटत नव्हता, तो बसत होता. सपाट. ओल्यावर ओलं. चौथ्या दिवशी तसले पुष्कळ होते. हळू, सावकाश, आग्रह करून राह्यल्यासारखे. पाचव्या दिवशीचं लावलं आणि मी मोबाइल कानापासून दूर केला, तरी ऐकू येत होतं.

हाताला हात लागत होता. चिखलाने भरलेला हात चिखलाने भरलेल्या हाताला.

टाळ्या होत्या त्या.

 मोरीवर गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, कडू पाणी आलं. त्यालाही बांधीचा वास होता, किंवा मला तसं वाटलं. मला काय काय वाटतं त्याची मी साक्ष देऊ शकत नाही. आंगणाची देते. मी खराट्याने सगळं खरडून काढलं, वर राख टाकली, हेमराजला उठवलंच नाही.

एवढंच मला कळलं. पोरीने ये म्हटलं की तो मागे सरकतो. परवा मैदानावर, भोंग्यावरून, हजारो माणसांसमोर ती ये म्हणणार. आणि मग एक श्वास गप्प उभी राहणार.

७

म्हणून मी तिला म्हणत होते, लोकांवालं गा. त्यात ती जागा भरलेली आहे. ढोलाने भरली, भोंग्याने भरली, खोट्या टाळ्यांनी भरली. चोपन्न वर्षं ज्याला मी घाण म्हटलं, त्या घाणीने एक दार लिंपून ठेवलं होतं.

हे कसं सांगायचं तिला?

“काहून, आजी?” तिने पुन्हा विचारलं. “एक कारण सांग. एक.”

“मी सांगून राह्यली हेच कारण.”

“हे नाही चालत. मले वाटलं तुले खुशी होईल. तुहं गाणं आहे हे. लोकांनी बिगाडलं म्हणते न तू? मी ठीक करून राह्यली तं तूच आडवी येते.”

“भोपाळले जायचं आहे तं ते गाऊन जा. टाळ्या त्याच्यावरच पडतात.”

हे मी बोलायला नको होतं. तिने वही उघडली. रेघ मारलेलं पान माझ्यासमोर धरलं.

“लोकांनी नाही बिगाडलं न?” ती म्हणाली. “अक्षर तुहंच आहे. रेघ तुहीच आहे. तूच त्यायले येऊ नाही देलं, आजी. टाळ्यासाठी.”

ऊन सपरीतून मागे सरकलं होतं. आंगणातली राख वाऱ्याने उडत नव्हती. मी ते पाहत होते. राख भिजली होती.

“मयुरी,” मी म्हटलं, “आत चल.”

“नाही. आजोबा कुठं मेले कोणाले माहीत नाही. पन्नास साल झाले, सगळा जिल्हा त्यायले म्हणून राह्यला, येऊ नको, येऊ नको. लेकरंबी म्हणतात. एक जण तं म्हणंल न, ये. तू नाही म्हणत तं मी म्हणतो. आत्ताच म्हणतो.”

“तोंड बंद कर.”

तिने डोळे मिटले. पाठ आंगणाकडेच होती. तिने गायला सुरुवात केली, आणि देवा, काय गायली ती पोरगी. मी त्या वयात तशी नव्हते गात. परे पिवळे पडले म्हटलं तेव्हा वास आला. अर्धी पात राह्यली म्हटलं तेव्हा राखेत दाब पडला. एक. दोन. ये रे आता घरी, ती म्हणाली आणि मी शिकवलं होतं तशी गप्प उभी राहिली. श्वाससुद्धा हळू घेतला.

सपरीच्या काठाशी, तिच्या मागे हातभर अंतरावर, एक पाठ होती.

तरुण माणसाची पाठ. मानेवर न्हाव्याने नुकतंच साफ केलेलं, तिथे तीळ. पोटऱ्या चिखलाने भरलेल्या, घोट्यापासून खाली स्वच्छ. दोन्ही हात आडवे पसरलेले, वाडीत शिरणारी ढोरं अडवावीत तसे. हात थरथरत होते. चोपन्न वर्षं कोणी हात पसरून उभं राहिलं तर थरथरतील तसे. त्याच्यापलीकडे काय आहे ते त्याच्या पाठीने झाकलं होतं. पण पाठ अरुंद होती. त्याच्या काखेखालून तळवे दिसले. पांढरे, फुगलेले, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखे, सालं सुटलेले. एकावर एक येत होते, हळू, आणि दूर होताना चिखलाची तार ओढली जात होती. खूप होते. त्याच्या कमरेशी लेकरांचेही होते.

फच्. फच्.

मयुरीने डोळे उघडले. तिने ऐकलं. पण तिला वाटलं, मी उत्तर देत नाही म्हणून ती जिंकली.

“पाह्यलं?” ती म्हणाली. “ये म्हणायले काही लागत नाही.”

तेव्हा त्याची मान हलली. एवढीशीच. कान दिसला, मग गालाचं हाड. ज्याला बोलावलं तो वळूनच पाहणार ना. डावा हात खाली येऊ लागला. त्या हाताच्या बाजूचे तळवे थांबले आणि पुढे झाले.

त्याचं तोंड बघायला मी चोपन्न वर्षं दिली होती. अजून थोडं वळला असता तर दिसलं असतं. मयुरीच्या ओढणीचा पदर त्याच्या पाठीला लागत होता.

मी खाटेवरून उठले. नातीच्या खांद्यावरून, भांडणाच्याच आवाजात, जी ओळ ऐकून मी जन्मभर कानात कापूस घातला ती मी न गाता, नवऱ्याशी बोलावं तशी, अर्धीच म्हटली. मयुरीने त्यानंतर काही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. मी म्हटलं ते एवढंच होतं.

“पाठ फिरवू नका.”